‘चारला लोडिंग’ म्हणजे नेमकं किती वाजता?

चौदाटायरी | मंगळवार, रात्री ९:१०

रामराम मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचतोय, लिहिलं कधी नाही. आज वेळच वेळ आहे. बेंगळुरूच्या पुढं होसूरला एका कारखान्याच्या गेटबाहेर ट्रक घेऊन उभा आहे, काल संध्याकाळपासून. पुढं बावीस गाड्या होत्या, आता चौदा राहिल्यात.

झालं असं की रविवारी गावी होतो, कोल्हापूर जिल्ह्यात, भुदरगडात. सकाळी अकराला ऑफिसचा फोन, ‘शिरोली एमआयडीसीत चारला लोडिंग आहे, गाडी लाव.’ वाढलेलं ताट तसंच ठेवून निघालो, साडेतीनला गेटवर हजर. चार वाजले, सहा वाजले. आतून निरोप, पेंट वाळतोय. आठला कळलं, फोर्कलिफ्टवाला जेवायला गेलाय. गाडी आत घेतली साडेनऊला, भरून झाली साडेअकराला, कागद हातात पडले पाऊण वाजता. रात्री एकला हायवेला लागलो.

म्हणजे चारला निघायची गाडी एकला निघाली. नऊ तास गेले. पण तिकडं पोचायची वेळ सोमवार संध्याकाळी पाच होती, ती पाचच राहिली. साडेसहाशे किलोमीटर, हातात सोळा तास. तवंदी घाटात लाईन, हुबळी-धारवाड बायपासला रखडपट्टी, पुढं बेंगळुरूत अवजड गाड्यांना सकाळ-संध्याकाळ बंदी म्हणून बाहेरच्या रस्त्यानं टोल भरत फिरून. चित्रदुर्गाच्या पुढं तासभर स्टेअरिंगवर डोकं टेकलं, झोप म्हणायची तर तेवढीच. पोचलो पाच चाळीसला. सिक्युरिटीवाला म्हणाला, स्लॉट गेला, लाईनीत लाव, उद्या बघू.

ते ‘उद्या’ म्हणजे आज. आता आजही संपला.

आता खरा प्रश्न. इथं गाडी आत घेतली की रजिस्टरला वेळ लिहितात. बाहेर उभी आहे तोवर त्यांच्या लेखी गाडी आलेलीच नाही. आमच्या ऑफिसचा नियम असा की ४८ तासांच्या वर उभी राहिली तरच हाल्टिंग, म्हणजे थांबल्याचे पैसे, आणि ४८ तास मोजायचे ते रजिस्टरपासून. ह्यावर कुणाकडं काही इलाज आहे का? गुरुवारी गावची म्हाई आहे, म्हणजे आमची जत्रा. पाहुण्यांना मीच फोन करून बोलावलंय.

---

निपाणीचा_पाव्हणा | मंगळवार, रात्री ९:४२

भावा, वीस वर्षं गाडी मारतोय, तुला भाषा शिकवतो. ‘चारला लोडिंग’ म्हणजे चारला तुझा फोन वाजायला लागणार, ‘आलास का, आलास का’. ‘दहा मिनिटं थांब’ म्हणजे जेवून घे. ‘तू हो पुढं, कागद व्हॉट्सॲपला टाकतो’ म्हणजे कागद झालेलेच नाहीत, टोलनाक्याच्या अलीकडं कुठंतरी झाडाखाली उभा राहणार तू. आणि ‘पार्टी अर्जंट आहे’ म्हणाले की समजायचं, पार्टीच्या गेटवर दोन दिवस मुक्काम.

म्हाईचं वाईट वाटलं बघ. रस्सा ठेवायला सांग.

---

पेठेतला | मंगळवार, रात्री १०:१५

कोल्हापूरचा नसलो तरी लिहितो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात ड्रायव्हरला दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली होती. लांब पल्ल्याला फार तर दिवसाला १० आणि आठवड्याला ५४. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ ही त्याच तासांकडं बोट दाखवतं. तुम्ही सलग सोळा तास चालवलीत, हे बेकायदेशीर आहे. तक्रार का करत नाही?

---

निपाणीचा_पाव्हणा | मंगळवार, रात्री १०:२१

कुणाकडं? ऑफिसात तक्रार केली तर उद्यापासून सगळे तास विश्रांतीच.

---

दोन_गाड्यांचा_मालक | मंगळवार, रात्री ११:०५

पेठेतले साहेब, तो कायदा पाच किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या धंद्याला लागू होता. आता तो नव्या श्रमसंहितेत गेलाय. माझ्याकडं दोन गाड्या, दोन ड्रायव्हर आणि मी. माझ्यासारखेच निम्मे लोक इथं कोल्हापुरात गांधीनगर ते शिरोली पसरलेत.

मालक म्हटलं की सगळे शिव्या घालायला तयार, म्हणून माझंही ऐका. माझा हप्ता महिन्याच्या पाच तारखेला जातो, गाडी गेटवर उभी असली म्हणून बँक थांबत नाही. भाडं ठरवतो दलाल. कारखाना पैसे देतो दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी, डिझेल मात्र रोख. त्यात माल उतरवताना वाराई. पोती दुसऱ्याची, गोदाम दुसऱ्याचं, हमालीचे पैसे मात्र गाडीवाल्याकडनं. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ म्हणून लॉरीवाल्यांनी किती बोंब मारली, कितीतरी ठिकाणी अजून गाडीवालाच देतो.

पूर्वी लांबच्या फेरीला दोन ड्रायव्हर आणि क्लीनर असायचा. आता क्लीनरसुद्धा परवडत नाही. ड्रायव्हर एकटा. त्याला झोप हवी हे मलाही कळतं. गाडी माझी आहे, घाटात पडली तर मीच रस्त्यावर येणार. पण हाल्टिंग मला मिळालं तर मी देणार ना.

---

डिस्पॅचवाला | बुधवार, सकाळी ७:५०

मी एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, डिस्पॅचला आहे, सगळ्यांच्या शिव्या रोज खातो, आज इथं येऊन खातो.

चार म्हणतो तेव्हा माझ्या मनात चारच असतं. पण कास्टिंग म्हणजे भाकरी नव्हे, तव्यावरनं उतरली की ताटात. वर्षानुवर्षं रात्री वीज स्वस्त मिळायची म्हणून इकडच्या भट्ट्या रात्री पेटायच्या. रात्री ओतलेलं साच्यात निवायचं, मग फोडायचं, शॉट ब्लास्ट, फेटलिंग, मग तपासणी. तपासणीत एक लॉट अडकला की सगळं पुढं. मग प्राइमर, तो वाळायला वेळ. ओल्या पेंटवर माल भरून पाठवला तर तिकडं रिजेक्ट, आणि रिजेक्ट माल परत आणायचं भाडं माझ्या नावावर पडतं.

मग गाडी आधीच का बोलावतो? कारण माल तयार झाल्यावर बोलावली तर मिळत नाही. महिनाअखेर असेल तर अजिबात नाही. म्हणून आम्ही गाडी आधी लावून ठेवतो. तुमचा वेळ जातो हे खरं आहे, पण माझ्या वरच्या माणसाला गाडी दारात उभी दिसली की तो शांत झोपतो.

---

चौदाटायरी | बुधवार, सकाळी ८:०५

खरं बोललासा, हे आवडलं. तो शांत झोपावा म्हणून मी जागा.

रात्रभरात तीन गाड्या आत गेल्या. म्हणजे तीनदा उठलो. लाईन एक गाडी सरकली की आपणही सरकायचं, नाहीतर मागचा मध्ये घुसतो. पुढच्याचा हँडब्रेक सुटला की फुस्स आवाज येतो ना, त्या आवाजानं आता झोपेतसुद्धा हात चावीकडं जातो. लोक म्हणतात, दोन दिवस उभा आहेस म्हणजे आरामच की. त्यांना एकदा ह्या लाईनीत झोपवा.

---

रंकाळ्याकाठी | बुधवार, सकाळी ९:३०

आता ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली आहे ना? तेवढा तरी दिलासा.

---

निपाणीचा_पाव्हणा | बुधवार, सकाळी ९:४४

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या गाड्यांना. ह्याची गाडी जुनी. आणि एसीला इंजिन चालू लागतंय, उभ्या गाडीचं डिझेल कोण देणार? मालक टाकी मोजतो. लाईनीत काच खाली, डास आत.

---

पोतं_पन्नास_किलोचं | बुधवार, सकाळी ११:१०

आमच्याकडं साखर. मी कारखान्यातनं उचलून गुजरात, राजस्थानकडं नेतो. इथली वेळ घड्याळावर नाही, कॅलेंडरवर चालते.

केंद्र सरकार दर महिन्याला प्रत्येक कारखान्याला विक्रीचा कोटा देतं, जून २०१८ पासून हे पुन्हा सुरू झालं. त्या महिन्याची साखर त्या महिन्यातच विकायची. मग व्यापारी काय करतो, दर पडेल म्हणून वाट बघत बसतो आणि शेवटच्या आठवड्यात उचल धरतो. पहिल्या पंधरवड्यात गोदामाच्या दारात कुत्रं नसतं. पंचवीस तारखेनंतर गाड्यांची रांग हायवेपर्यंत. तीच माणसं, तोच काटा, तेच हमाल, सगळा महिन्याचा माल पाच दिवसांत भरायचा. मला एकदा अठ्ठावीस तारखेला नंबर मिळाला आणि माल मिळाला एकतीसच्या रात्री साडेदहाला. नशीब की महिना एकतीसचा होता.

गुळाचं तर वेगळंच. शाहू मार्केट यार्डात सकाळी सौदे, मग वजन, मग रव्यांचं, म्हणजे गुळाच्या ढेपांचं, पॅकिंग, त्यात हमालांचा आणि व्यापाऱ्यांचा काही वाद निघाला की सौदेच बंद. गुजरातचा व्यापारी फोनवर विचारतो, ‘गाडी निकली?’ आणि मी यार्डात चहा पीत बसलेलो.

---

गडहिंग्लजची | बुधवार, दुपारी १२:४०

आमचे मालकही, म्हणजे घरधनी, लांबच्या गाडीवर आहेत. बंगळूर, चेन्नई. मी इथं पहिल्यांदाच लिहितो.

सगळे गाडीच्या वेळेचं बोलतायत, घरच्या वेळेचं पण ऐका. फोन येतो, ‘संकेश्वर सोडलं, तासात पोचतो, भाकरी टाक.’ मी भाकरी टाकतो. तासानं फोन, ‘कागलला दुसरा माल लागलाय, परस्पर तिकडं जातो.’ त्या भाकऱ्या दुसऱ्या दिवशी आम्ही कुस्करून खातो. आता मी फाटकाचा आवाज येईस्तवर तवाच ठेवत नाही. मग आल्यावर म्हणतात, भूक लागलीय आणि काही तयार नाही. त्यावर भांडण.

मुलीच्या शाळेत पालकसभा असली की मॅडम विचारतात, वडील कधी येऊ शकतील ते कळवा. काय कळवू? त्यांनाच ठाऊक नसतं.

---

पेठेतला | बुधवार, दुपारी १:०२

‘मी लिहितो, मी टाकतो’? आपण ताई की दादा? की कुणी दुसऱ्याच्या नावानं लिहितंय?

---

गडहिंग्लजची | बुधवार, दुपारी १:१५

ताईच. आमच्याकडं बायका असंच बोलतात, आलो गेलो केलो. कधी कोल्हापुरात या म्हणजे कळेल. जेवूनच जा, भाकरी टाकतो.

---

रंकाळ्याकाठी | बुधवार, दुपारी १:१८

नाद खुळा 😄

---

शिरोलीचा_जुना | बुधवार, दुपारी ३:२५

मी आता गाडी सोडली, गुडघे गेले. पण एक सांगतो.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, नदी त्याच्या कितीतरी वर गेलेली. शिरोलीपाशी हायवेवर पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता आठवडाभर बंद. दोन्ही बाजूला ट्रकच ट्रक. माझ्या गाडीत औषधाचे खोके, मागच्याच्या गाडीत टोमॅटो. दोन दिवसांनी टोमॅटोचा वास, चार दिवसांनी नुसतं पाणी गळायला लागलं. तो पोरगा कोलारचा होता, मराठी येत नव्हतं, गाडीखाली बसून रडला. आसपासच्या गावांतली माणसं भात-आमटी घेऊन यायची, त्यांची स्वतःची घरं पाण्यात असताना.

आणि काय सांगू, त्या आठवड्यात पहिल्यांदा कुणी ‘कुठं पोचला’ म्हणून फोन केला नाही. सगळ्यांना टीव्हीवर दिसत होतं. मी इतका झोपलो, इतका झोपलो की उठल्यावर कुठला वार आहे कळायचं नाही. लाज वाटते सांगायला, पण नोकरीतली तेवढीच एक झोप मला आठवते. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा मी घरी होतो.

---

चौदाटायरी | बुधवार, दुपारी ४:३०

खाली झाली गाडी!! चार दहाला. एकला आत घेतली, तीन तासांत मोकळी. म्हणजे काम तीन तासांचं.

हिशेब केला. सोमवार पाच चाळीस ते बुधवार चार दहा, साडेशेहेचाळीस तास. ४८ ला दीड तास कमी. रजिस्टरप्रमाणं बघाल तर मी इथं तीन तास दहा मिनिटंच होतो.

---

काट्याची_पावती | बुधवार, संध्याकाळी ५:५०

उशिरा बघितला धागा, पण पुढच्या वेळेसाठी लिहितो. मी दोन वर्षं हाल्टिंगसाठी भांडतोय, थोडं जमलंय.

रजिस्टरच्या मागं लागू नका, ते त्यांचं आहे. बिल्टी, म्हणजे गाडीबरोबरचा मालाचा कागद, आपली आहे. पुष्कळ बिल्ट्यांवर गाडी हजर झाल्याच्या वेळेचा रकाना असतो, कुणी भरत नाही. पोचल्या पोचल्या त्यात तारीख-वेळ लिहायची आणि गेटवरच्या माणसाची सही मागायची. तो नाही म्हणणार. मग जवळच्या वजनकाट्यावर गाडी चढवून पावती घ्यायची, त्यावर तारीख, वेळ, गाडी नंबर छापून येतो, शे-दीडशे रुपयांचं काम. दुसरं म्हणजे शेवटच्या टोलचा फास्टॅगचा मेसेज. तुमचा शेवटचा अत्तिबेलेला लागला असेल. तिथून कारखाना किती मिनिटांवर हे कुणीही मोजू शकतं. अडचण एवढीच की मेसेज मालकाच्या मोबाइलवर जातो, तो लगेच मागून घ्यायचा. आणि पोचलो की मालकाला आणि माल पाठवणाऱ्याला एकाच वेळी मेसेज, ‘गाडी गेटवर हजर, इतके वाजून इतकी मिनिटं.’ फोन नको, फोनचा पुरावा राहत नाही.

आणखी एक, ई-वे बिलाकडं, म्हणजे माल नेण्याच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाकडं, लक्ष ठेवा. २०० किलोमीटरला एक दिवस धरतात, पूर्वी १०० ला होता. तुमच्या साडेसहाशेला चार दिवस मिळाले, म्हणून वाचलात. जवळच्या फेरीला एकच दिवस असतो आणि गेटवरच तो संपतो. मुदत संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्यातच वाढवून घेता येतं. रात्री बारानंतर ऑफिसात फोन कोण उचलतो ते बघा.

---

दोन_गाड्यांचा_मालक | बुधवार, संध्याकाळी ६:३५

काट्याच्या पावतीचं बरोबर आहे, मी माझ्या पोरांना सांगतो. पण पावती दाखवूनही पार्टी म्हणते, आमच्या करारात वाट बघण्याचे पैसे नाहीत. करार कुणी वाचला होता?

---

डिस्पॅचवाला | बुधवार, संध्याकाळी ७:००

मी वाचलाय. हाल्टिंग ‘परस्पर संमतीने’ असं लिहिलेलं असतं. संमती कुणाची ते लिहिलेलं नसतं.

---

चौदाटायरी | शनिवार, दुपारी २:१५

पोचलो घरी. सांगतो काय झालं.

बुधवारी खाली झाल्यावर रिकामा परत येतो म्हणालो. मालक म्हणाला, लिटरला चार जाते, साडेसहाशे किलोमीटरचं डिझेल कोण घालणार, तिपटूरला नारळ आहेत, ‘उद्या दहाला लोडिंग’. गुरुवारी दहाला गाडी लावली, भरली संध्याकाळी सातला. सात वाजता गावात पंगत बसली होती, भावानं व्हिडिओ कॉल केला. पाहुणे ओळीनं तोंड दाखवून गेले, सगळ्यांनी विचारलं, ‘आला न्हाईस व्हय?’ शुक्रवारी संध्याकाळी कोल्हापूर, आज पहाटे माल उतरला, बाराला घरात. रस्सा ठेवला होता, दोन दिवसांचा. खरं सांगू, जास्त मुरलेला होता.

तिपटूरला काट्याची पावती घेतली, बिल्टीवर दहाची वेळ लिहिली, व्यापाऱ्याच्या माणसानं हसत का होईना सही केली. मालकाला दाखवली. पैसे देतो म्हणाला नाही, पण ‘फोटो पाठव’ म्हणाला. होसूरचं काही नाही, ते दीड तासात बुडालं.

आणि आत्ता ऑफिसचा फोन आला. उद्या शिरोलीत लोडिंग. किती वाजता ते ओळखा.

---

निपाणीचा_पाव्हणा | शनिवार, दुपारी २:२०

चार.

---

डिस्पॅचवाला | शनिवार, दुपारी २:५५

उद्या चारची बेंगळुरूकडची एक गाडी माझ्याकडं पण आहे. गाडी नंबर व्यनि (खाजगी निरोप) करा, बघतो.

---

चौदाटायरी | शनिवार, दुपारी ३:०१

व्यनि केलाय.

---

डिस्पॅचवाला | शनिवार, दुपारी ३:२०

तुमचीच आहे. माल आत्ता तपासणीला आहे, पेंट उद्या सकाळी, वाळायला संध्याकाळ होणार. साडेसातच्या आधी येऊ नका. कुणी फोन केला तर वाटेत आहे म्हणा, मी सांभाळतो. फोर्कलिफ्टवाल्याचं मात्र माझ्या हातात नाही.